घड्याळांचा माल

शाळेत शिकवीत असताना मी एका शब्दाशी वर्षभर भांडले होते. तो शब्द म्हणजे 'माल'. सातवीच्या वर्गात खिडकीजवळ बसणारा एक विद्यार्थी कोणत्याही निबंधात, कोणत्याही वस्तूसाठी हाच एक शब्द वापरीत असे. कापूस हा माल, तूर हा माल, दिवाळीचा फराळ हा माल, आणि ग्रंथालयात नवी पुस्तके आली तेव्हा तीही मालच. आमच्या भागात हे अगदीच वावगे नाही. 'यंदा माल कसा आहे?' असे कोणी विचारले, तर तो पिकाची चौकशी करीत असतो. पण निबंधात नेमका शब्द हवा, हा माझा आग्रह. मी प्रत्येक ठिकाणी लाल रेघ ओढून वर योग्य शब्द लिहीत असे. वर्षाच्या शेवटी 'माझे आवडते शिक्षक' या विषयावर त्याने लिहिले, "बाईंनी आम्हाला लई माल शिकवला." तेथे मात्र मी रेघ ओढली नाही, कारण वर कोणता शब्द लिहावा हे मला ठरवता आले नाही.

तो विद्यार्थी आता पन्नाशीला आला आहे. त्याच्या वाडवडिलांनी मेंढरे राखली; त्याने चार शेळ्या ठेवल्या आणि वाटूर फाट्यावर कुरिअरचे दुकान घातले. मी निवृत्त झाल्यावर फाट्याच्या मागच्या गल्लीतच राहू लागले. माझी पुस्तके, माझा चष्मा, पायमोजे, सारे त्याच्या दुकानातून येते. रस्त्यावर चारचौघांत तो मला पाहून आजही विडी मागे लपवतो, आणि मीही ती न पाहिल्याचे दाखवते. असा आमचा व्यवहार गेली कित्येक वर्षे सुरळीत चालला आहे.

मागच्या वर्षी हिवाळ्यात एका सकाळी तो माझ्या दारात आला. हातात पार्सल नव्हते.

"बाई, येक काम होतं. मराठीचंच हाय."

"बस," मी म्हणाले.

"बसायचं टेन्शन हाय बाई, म्हणून तर उभाय. मला कोणत्या बाकावर बसवायचं, साक्षीदाराच्या का आरोपीच्या, हे तिकडं जालन्याला ठरून राह्यलंय."

मी त्याला पाणी दिले आणि पहिल्यापासून, क्रमाने सांगायला लावले. त्याने सांगितलेली हकिकत अशी. परतूरच्या रस्त्याला एका घरात वर्षभरापासून एक भाडेकरू राहत होता. तिशीतला, शहरातून आलेला, संगणकावर काम करतो असे सांगणारा. बोलायला गोड. त्याच्या नावाने दर आठ-दहा दिवसांनी भिंतीवरच्या घड्याळांची खोकी येत. माझा विद्यार्थी ती खोकी काच फुटू नये म्हणून वरच्या फळीवर ठेवी आणि तो मनुष्य आला की सही घेऊन देई. गेल्या महिन्यात पोलिसांनी त्या भाडेकरूला पकडले. खोक्यांत घड्याळे होती, हे खरेच. पण प्रत्येक घड्याळाच्या पोटात गुंगीच्या गोळ्या होत्या. आंतरजालाच्या एका लपलेल्या बाजारातून तो त्या मागवी आणि पुढे विकी.

"मंग माझा जबाब घेतला. मला इचारलं, पार्सलं येत होती हे तुम्हाला म्हाईत होतं का? मी म्हणलो, हो, माल येत होता, मला बराबर म्हाईत होतं."

"असेच म्हणालास?"

"असंच म्हणालो. जबाब वाचून दाखवला तवाबी म्हणलो, बराबर हाय. आता गुरुवारी परत बोलावलंय. पैल्या टायमाला नुसतं 'या' म्हणले होते, आता कागद आलाय. वकिलाला दाखवला. ते म्हणले, 'माल येत होता हे मला माहीत होते' ह्या वाक्यावर तुमचं शटर कायमचं बंद होईल, अन् तुम्हीबी आत जाल."

तेव्हा मला प्रथम कळले की आमच्याकडे पिकाला आणि पुस्तकाला चालणारा हा शब्द पोलिसांच्या कागदात एकाच अर्थाने वाचला जातो. तेथे माल म्हणजे अमली पदार्थ. मी सातवीत ओढलेल्या साऱ्या लाल रेघा एकदम आठवल्या. क्षणभर मला वाटले की ह्यात माझाही थोडा दोष असावा. आणखी एक वर्ष तो माझ्या वर्गात असता, तर कदाचित 'पार्सल' म्हणाला असता.

"गुरुवारी मी तुझ्याबरोबर येते," मी सांगितले. "पार्सलांची नोंद ठेवतोस ना? ती वही घे."

"वही कामून बाई? कंपनीचं मशीन सगळं लिहितं."

"वहीशिवाय वर्गात येऊ नये."

खरे सांगायचे तर वहीचे पुढे काय होणार, हे तेव्हा माझ्याही मनात नव्हते. ती केवळ सवय होती.

गुरुवारी आम्ही एसटीने जालन्याला निघालो. त्याने दुचाकीवर येण्याचा आग्रह केला होता. मी तो मानला नाही. बसमध्ये तो मांडीवर कापडी पिशवी धरून बसला होता.

"घरी काय म्हणतात?" मी विचारले.

"घरची म्हणती, जल्माचा येकच शब्द शिकलात, त्यानंबी घात केला."

मला हसू आले, आणि ते पाहून तोही थोडा सैल झाला. रामनगर सोडल्यावर त्याने पिशवीतून शेंगदाण्याचा लाडू काढून अर्धा मला दिला.

ज्या पोलीस अधिकारी बाईंनी त्याचा जबाब घेतला होता, त्या कोकणातून बदलून आलेल्या, वयाने माझ्या शेवटच्या तुकडीतल्या मुलींएवढ्या. टेबलावर कागद काटकोनात रचलेले. मला ते पाहून बरे वाटले. मी कोण, कशासाठी आले, हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "तुम्ही बसा, पण मध्ये बोलू नका."

"मध्ये बोलणार नाही," मी म्हणाले. "पण आधी एक विचारू द्या. हा बाजार चालतो कसा, ते मला समजावून सांगाल का? त्यात कोणाला काय माहीत असते हे कळल्याशिवाय, ह्याला काय माहीत होते हे कसे ठरवणार?"

त्यांनी माझ्याकडे जरा रोखून पाहिले. मग म्हणाल्या, "महाविद्यालयांत मी हे सांगत असते. मुलं मोबाइलमध्ये बघत बसतात. तुम्ही तरी ऐका."

त्यांनी सांगितलेले मी माझ्या छोट्या वहीत उतरवून घेतले. ती नोंद समोर ठेवूनच पुढचे लिहीत आहे.

आपण रोज पाहतो ते आंतरजाल म्हणजे पाट्या लावलेली बाजारपेठ. ज्याला जे हवे ते शोधले की सापडते. त्याच तारांवरून, पण शोधयंत्रांना न दिसणारा, वेगळ्या ब्राउझरनेच उघडणारा एक भाग आहे. त्याला डार्क वेब म्हणतात. तेथे जाणे हाच गुन्हा नाही. ज्यांना छळाची भीती असते असे काही सज्जनही ती वाट वापरतात. पण लपायला जागा झाली की चोरही तेथे येतो. तेथे काही बेकायदा बाजार भरतात.

"पण पाठवलेले लपते कसे?" मी विचारले.

"निरोप सरळ जात नाही. तीन-चार संगणकांतून उड्या मारत जातो. प्रत्येकाला फक्त आपला मागचा आणि पुढचा कळतो. पहिला कोण, शेवटचा कोण, हे मधल्याला कळत नाही."

माझ्या विद्यार्थ्याचा चेहरा कोरा होता. मी अधिकारी बाईंकडे तीन पाकिटे मागितली. त्यांनी सरकारी खाकी पाकिटे दिली. मी एक चिठ्ठी लिहून लहान पाकिटात घातली, ते दुमडून दुसऱ्यात आणि ते तिसऱ्यात. प्रत्येकावर फक्त पुढच्याचे नाव लिहिले. वरचे पाकीट त्याच्या हातात दिले आणि सांगितले, "वरचे पाकीट फाड, आत जे नाव आहे त्याला दे. ह्याहून जास्त तुला काही ठाऊक नाही."

त्याने पाकीट उलटसुलट करून पाहिले.

"हे तर आमचंच काम हाय बाई. पिशवीत पिशवी. जालन्याला वरची पिशवी उघडती, आतली वाटूरची मला येती. मला म्हाईत न्हाई पाठवणारा कोण, पाठवणाऱ्याला म्हाईत न्हाई मी कोण."

"तेच," अधिकारी बाई म्हणाल्या. त्यांनी ते वाक्य कागदावर टिपून घेतले, हे मी पाहिले.

मग बाजाराचा कारभार. ह्या बाजाराचा एक चालक असतो. तो स्वतः काही विकत नाही. जागा देतो, नियम करतो आणि प्रत्येक सौद्यामागे आपले दाम घेतो.

"म्हणजे मोंढ्यातला आडत्या," मी म्हणाले. मध्ये न बोलण्याचे वचन मी विसरले होते.

"आडत्या म्हणजे?"

मी त्यांना समजावले: शेतकऱ्याचे धान्य मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, त्याच्या ओट्यावर उतरते, खरेदीदार तेथे येतो, आडत्या दोघांची गाठ घालून आपली आडत घेतो. त्यांना तो शब्द आवडला. विक्रेते टोपणनावाने गाळा घेतात. पैसे आभासी चलनात दिले जातात. घेणारा पैसे देतो, पण ते लगेच विकणाऱ्याला मिळत नाहीत. चालकाकडे अडकून राहतात. वस्तू पोचली असे घेणाऱ्याने कळवले की मगच ते सुटतात. ह्याला ते एस्क्रो म्हणतात. वाद झाला तर चालक निवाडा करतो.

"एस्क्रोला मराठीत काय म्हणायचं, हे मला अजून सापडलेलं नाही," अधिकारी बाई म्हणाल्या. "इसार लिहू का?"

"इसार नाही," मी म्हणाले. "इसार विकणाऱ्याच्या हातात जातो. येथे पैसा तिसऱ्याच्या हातात राहतो. शब्द जवळचा आहे, पण चुकीचा."

मी दुसरा शब्द शोधू लागले. तारण नव्हे, ठेव नव्हे. तेवढ्यात माझा विद्यार्थी खाली मान घालूनच म्हणाला, "अमानत."

"काय?"

"आमचे आजे शेळ्यांच्या बाजारात म्हणायचे. दोघांचा भरोसा नसला की पैसे तिसऱ्यापाशी अमानत ठेवायचे. शेळी घरी जाऊन चार दिवस चारा खाल्ला, की मंग तो पैसे सोडायचा."

मी माझ्या वहीत 'एस्क्रो' खोडून 'अमानत' लिहिले. त्याला सातवीत कधीही पूर्ण गुण मिळाले नव्हते. मी त्या दिवशी ते मनातल्या मनात देऊन टाकले.

अधिकारी बाई पुढे सांगत होत्या, की ज्यांचा एकमेकांवर काडीचा विश्वास नाही अशा माणसांनी विश्वासाची ही सारी सामग्री उभी केली आहे. आणि तीही टिकत नाही. एखाद्या दिवशी चालकच सगळ्यांची अमानत घेऊन नाहीसा होतो. बाजाराच्या जागी कोरी पाटी. कोणी तक्रार करू शकत नाही, कारण तक्रार करायला जायचे कोठे?

"चोरावर मोर," माझा विद्यार्थी म्हणाला.

"आणि कधी कधी त्या चालकाच्या खुर्चीत पोलीसच बसलेले असतात. बाजार चालू राहतो, गिऱ्हाइकांना पत्ता लागत नाही."

हे ऐकून तो जरा मागे सरकून बसला. त्या खोलीतली खुर्ची तरी कोणाची आहे, हे जणू त्याने एकदा तपासून घेतले.

"मग तुम्ही त्या भाडेकरूपर्यंत कशा पोचलात?" मी विचारले. "सारे इतके झाकलेले असताना?"

अधिकारी बाईंनी टेबलाचा खण उघडून एक कागद काढला. त्या बाजारात घेणारा विकणाऱ्याला तारे देतो, जसे आपण मोबाइलवर एखाद्या हॉटेलाला देतो. नाव लपलेले असते, अभिप्राय मात्र सर्वांना दिसतात; नाहीतर कोणत्या चोरावर भरवसा ठेवावा हे चोरांना कसे कळणार? पोलीसही ते अभिप्राय वाचत बसतात. त्यांतला एक त्यांनी आम्हांला वाचून दाखवला. मूळ इंग्रजीत होता. त्याचा आशय असा: घड्याळ उत्तम, आतले सामान उत्तम, पण आठवडी बाजाराच्या दिवशी इथला कुरिअरवाला दुकान बंद ठेवतो, त्यामुळे एक दिवस उशीर. म्हणून एक तारा कमी.

"असे आणखी दोन अभिप्राय मिळाले," त्या म्हणाल्या. "मग आम्ही कुरिअरचं दुकान आणि आठवडी बाजार, अशी गावं शोधत बसलो. कुरिअरवाला बाजाराला सुट्टी घेतो, असं एकच गाव निघालं, आणि तिथं घड्याळं मागवणारा एकच माणूस. तंत्रज्ञान राहिलं बाजूला."

माझ्या विद्यार्थ्याने तो कागद मागून घेतला. इंग्रजी अक्षरांवरून बोट फिरवले. मग ते बोट थांबले. मला वाटले, आता तो घाबरला.

"माझ्यामुळं येक तारा कमी केला?"

"हो."

"मॅडम, बाजाराच्या दिवशी मी शेळ्या पाह्यला जातो. वीस वर्सं झाली. पाटीवर लिवलंय. कंपनीलाबी म्हाईत हाय. ह्यानं माझ्या दुकानात येऊन येकदा तरी म्हणायचं होतं. समोर तर म्हणायचा, तुमच्यासारखी सर्विस पुण्यात न्हाई."

"तुमचं काही बोलणं व्हायचं का त्याच्याशी?"

"मीच इचारलं होतं त्याला. म्हणलं, इतकी घड्याळं कशाला लागतात तुम्हाला? टायम तर सगळीकडं येकच हाय."

"मग?"

"हसला. अन् दिवाळीला मला येक घड्याळ देऊन गेल्ता. तुम्हीच तर काढून आणलं भिंतीवरनं."

"ते रिकामं निघालं," अधिकारी बाई म्हणाल्या.

"पाच मिनटं मागं होतं," तो म्हणाला. ही तक्रार त्याच्या मनात बरेच दिवस असावी.

मला जे म्हणायचे होते ते म्हणण्याची वेळ आली होती. मी अनुमती मागितली. वर्गात वाक्याचे पृथक्करण फळ्यावर मांडीत असे तसे मी ते मांडले. ह्या बाजारात सर्व काही लपवता येते: नाव, पैसा, वाट. एकच गोष्ट लपवता येत नाही, ती म्हणजे पत्ता. वस्तूला कोठेतरी जमिनीवर उतरावेच लागते, आणि ती उतरवणारा मनुष्य असा लागतो, ज्याला काहीही ठाऊक नाही. ठाऊक असलेला मनुष्य वाटा मागतो, भितो किंवा बोलतो. हा सामील असता, तर माल येणार त्या दिवशी शेळ्या पाहायला गेला नसता. आणि घेणाऱ्याला तारा कापावा लागला नसता, कारण तक्रार त्याला तोंडावरच करता आली असती.

अधिकारी बाईंनी आधीचा जबाब पुढे ओढला. मग म्हणाल्या, "हे मला पटतं. पण मॅडम, त्यांचं वाक्य कागदावर आहे. ते म्हणाले तेच मी लिहिलं, एक अक्षर इकडचं तिकडं केलं नाही. ते मी खोडू शकत नाही."

"खोडू नका," मी म्हणाले. "मी आयुष्यभर खोडतच आले. फक्त ह्याला त्या शब्दाचा अर्थ विचारा. आणि ही वही पाहा."

वही मी का आणायला लावली, ते मला तेव्हा कळले. पुष्कळदा मनुष्य आधी शिस्त पाळतो आणि कारण मागाहून सापडते.

त्याने पिशवीतून वही काढली. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची. कंपनीचे यंत्र मधूनच बंद पडते म्हणून तो हातानेही नोंद ठेवतो. तारीख, नाव आणि तिसरा रकाना, त्याच्या डोक्यावर फक्त 'काय' असे लिहिलेले. अधिकारी बाईंनी पान उघडले. तिसऱ्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द उतरत गेला होता. माल. माल. माल. पुढचे पान, माल. त्याच्या पुढचे, माल.

"हा कशाचा माल?" त्यांनी एका ओळीवर बोट ठेवले.

"दवाखान्यातल्या डॉक्टरचा. बीपीचं मशीन होतं."

"आणि हा?"

"देवळाचा. भोंगा आल्ता सप्त्यासाठी."

"हा शाळेचा?"

"प्रश्नपत्रिका. शील होतं, म्या हात न्हाई लावला."

त्यांचे बोट पुढे सरकले आणि थांबले. "बाई – माल," त्यांनी मोठ्याने वाचले आणि माझ्याकडे पाहिले.

"चष्मा," मी म्हणाले. "दूरचा."

त्यांनी ओठ घट्ट मिटले. पण डोळ्यांतले हसू मला चांगले दिसले, कारण चष्मा लावलेला होता. मग त्यांनी भाडेकरूच्या नावाच्या ओळी शोधल्या. त्या साऱ्या वहीत त्या ओळी तेवढ्या वेगळ्या होत्या. तिथे लिहिले होते, 'घड्याळांचा माल, काच, वरी ठेवणे.' एकदा नव्हे, दर वेळी. अटकेच्या कितीतरी महिने आधीपासून, त्याच शाईत, त्याच वळणदार पण अशुद्ध अक्षरांत.

वही त्यांनी पंचनामा करून ठेवून घेतली आणि पुरवणी जबाब लिहायला बसल्या. आधीच्या जबाबात राहून गेलेले किंवा स्पष्ट न झालेले त्यात घेता येते, असे त्यांनी आम्हांला सांगितले. मला त्या वेळी बाहेर बसायला लावले, आणि ते योग्यच होते. मी बाहेरच्या बाकावर बसून माझी टिपणे पुन्हा एकदा वाचली. दोन शुद्धलेखनाच्या चुका सापडल्या, त्या दुरुस्त केल्या.

दार अर्धे उघडे होते. शेवटी जबाब वाचून दाखवल्याचा आवाज ऐकू आला. "...'माल' या शब्दाने मला पार्सल असे म्हणायचे होते. दुकानात येणाऱ्या प्रत्येक वस्तूला मी मालच म्हणतो. खोक्यांत घड्याळे आहेत, एवढेच मला माहीत होते."

"बरोबर आहे?" अधिकारी बाईंनी विचारले.

मग त्याचा आवाज: "मॅडम, अजून येकदा वाचा. मागल्या टायमाला मी जल्दी बराबर म्हणलो होतो."

त्यांनी पुन्हा वाचले. तो म्हणाला, "आता बराबर हाय."

बाहेर येऊन त्याने मला साक्षीदारांच्या यादीत आपले नाव राहणार असल्याचे सांगितले. पाया पडू लागला, मी अडवले. स्टँडवर आम्ही चहा घेतला. चहाचे पैसे कोणी द्यायचे यावर आमचा वाद झाला आणि त्यात मी हरले. अधिकारी बाईंनी निघताना माझ्याकडून 'आडत्या' आणि 'अमानत' हे दोन शब्द लिहून घेतले होते; पुढच्या भाषणात वापरणार म्हणाल्या. 'अमानत' माझा नाही, त्याचा आहे, हे मी त्यांना सांगितले. त्यांनी कंसात तशी नोंदही केली.

त्यानंतर काही आठवड्यांनी माझा नवा चष्मा यायचा होता. मी दुकानात गेले. भिंतीवर घड्याळाच्या जागी नुसता खिळा होता, त्याला त्याने टोपी अडकवली होती. टेबलावर नवी वही होती, निळ्या पुठ्ठ्याची. आखणी त्याने स्वतः केलेली, पट्टीने, रेघा सरळ. तारीख, नाव, आणि तिसऱ्या रकान्याच्या डोक्यावर आता 'काय' ऐवजी 'काय असं सांगितलं' असे लिहिले होते.

"सही करा बाई."

मी सही केली. सवयीने ओळ वाचली. माझ्या नावापुढे, तिसऱ्या रकान्यात, त्याने लिहिले होते: 'चष्मा (असं बाई म्हणतात).'

पर्समध्ये लाल पेन होते. मी ते बाहेर काढले नाही. त्या वाक्यात दुरुस्त करण्यासारखे काहीच नव्हते.